चाळीस मोहरांची तलवार

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. आमच्या दादाने संगणकावर रचलेल्या खेळात तलवार घडवणारा लोहार नेहमी तोट्यात का जात असे? प्रश्न पोरकट दिसतो, याची मला जाणीव आहे. ती तलवार कधी कोणाच्या हातात आली नाही. तिचे लोखंड काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांपलीकडे कुठेच नव्हते. तिच्या किमतीचा विचार पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून घरी बसलेल्या बाईने का करावा? कारण असे की, एका वर्षी हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला आणि उठताना बाबांना बरोबर घेऊन गेला. बाबा त्यानंतरही बरीच वर्षे जगले. रोज दाढी करत, वर्तमानपत्र वाचत, आईला मटार सोलून देत. पण मी ज्यांना बाबा म्हणत असे, ते गृहस्थ त्या वर्षीच्या नवरात्रात संपले, असे मला आजही वाटते.

आम्ही तेव्हा दिल्लीत मयूर विहारमध्ये सरकारी नोकरांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. घराची सकाळ टुल्लू पंपाच्या घरघरीने सुरू होई. खालच्या टाकीतले पाणी वर ओढण्यासाठी प्रत्येक घराने आपापला पंप बसवलेला होता, आणि पहाटे सगळे पंप एकदम सुरू झाले की भिंती गुणगुणू लागत. त्या गुणगुणीत आई कुकर लावी, आणि बाबा टेबलाशी बसून आदल्या दिवशी अर्धवट राहिलेली एखादी बेरीज पुरी करत. नऊच्या सुमाराला सोसायटीच्या फाटकाशी चार्टर्ड बस उभी राही. कचेरीत जाणाऱ्या बाबू लोकांची ही ठरलेली बस होती. प्रत्येकाची जागा ठरलेली, पत्त्यांचे डाव ठरलेले, आणि खिडकीतून दिसणारी यमुनाही ठरल्यासारखीच आटलेली. बाबांची जागा डावीकडे दुसऱ्या रांगेत, खिडकीशी.

बाबांचे काम एका वाक्यात सांगता येते: ते वस्तूंची रास्त किंमत काढत. केंद्र सरकारच्या ज्या खात्यात ते होते, तिथे कागद, सिमेंट, औषधाच्या गोळ्या अशा वस्तू कोणत्या भावाने विकल्या जाव्यात, हे ठरवले जाई. रीत अशी: कच्चा माल किती लागला, त्यातला वाया किती गेला, करणाऱ्याच्या वेळेचे मोल काय, हे सगळे मांडायचे आणि जो आकडा येईल, तो रास्त भाव. रास्त भावापेक्षा जास्त घेणारा लुबाडतो आणि कमी घेणारा लुबाडला जातो, यावर बाबांची श्रद्धा होती; श्रद्धाच म्हणायला हवी, कारण इतर कोणत्याही देवापुढे मी त्यांना इतक्या मनोभावे बसलेले पाहिले नाही. त्यांच्यापाशी दांडा फिरवून चालवायचे एक लोखंडी गणनयंत्र होते. खात्यात विजेवरची यंत्रे आली तेव्हा जुनी लिलावात निघाली, त्यांतले आपले यंत्र त्यांनी घरी आणले. त्याचा दांडा फिरवला की आधी खर्र असा आवाज येई आणि शेवटी एक बारीक टिंग. लहानपणी मी त्या टिंगवरून ओळखत असे की आता बाबा मान वर करतील आणि माझ्याकडे पाहतील.

घरातही त्यांची ही रीत चाले. आमच्या मराठी मंडळाच्या फराळासाठी आई चकल्या करून देई. एकदा बाबांनी भाजणी, तेल आणि गॅस यांचा हिशेब मांडला आणि शेवटी आईला विचारले, "तुझे तास किती झाले?" आईने झारा कढईवर आपटला. "माझ्या हाताचा भाव काढू नका हं. लोक मागून मागून नेतात, ते तुमच्या यंत्रात मावतं का?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "मावत नाही. म्हणूनच तू बुडतेस." आम्ही हसलो. तुटकी चकली खाऊन आईही हसली. तुटक्या चकल्या आमच्या आणि न तुटलेल्या मंडळाच्या, हा घरचा नियम होता.

मग एकेका वस्तूवरचे नियंत्रण उठू लागले. वर्तमानपत्रात त्याला मोकळा वारा म्हणत. आमच्या घरात तो वारा असा आला की बाबांच्या टेबलावरची एकेक फाइल कमी होत गेली. आधी कागद गेला, मग सिमेंट, आणि शेवटी खातेच गुंडाळले गेले. माणसांना काढले नाही. सरकार माणसांना काढत नाही. त्यांना 'सरप्लस' केले. म्हणजे पगार चालू, खुर्ची चालू, डोक्यावरचा पंखा चालू. फक्त काम नाही. बाबा पूर्वीसारखेच डबा घेऊन चार्टर्ड बसने जात आणि संध्याकाळी परत येत. आईने एकदा विचारले, "दिवसभर करता काय?" ते म्हणाले, "बसतो." हा शब्द त्यांनी जसा उच्चारला, तसाच तो मी वर्गात शिक्षा झालेल्या मुलांच्या तोंडून पुढे पुष्कळदा ऐकला. त्या दिवसांत बाबांच्या बाबतीत खरा प्रश्न एकच होता, आणि तो घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होता: जे काम त्यांना इतके उत्तम येत होते, ते जगात कोणाला हवे आहे का?

याच सुमाराला दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, सुहासने, अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून नोकरी न शोधण्याचा निर्णय घेतला. त्याचा मित्र इक्बाल मुजावर हा मूळ साताऱ्याचा. त्याचे वडील रेल्वेत, आणि ते आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर. दोघांनी बाजारात एक खोली भाड्याने घेऊन संगणकाचे वर्ग सुरू केले. दिवसा तिथे मुले टंकन आणि हिशेब शिकत. संध्याकाळी दादा आणि इक्बाल ते आठ संगणक तारांनी एकमेकांना जोडत, आणि आसपासच्या कॉलेजांतली मुले तासाचे पैसे देऊन दादाने लिहिलेला खेळ खेळायला येत. खेळाचे नाव 'गढी'. त्यात चित्रे नव्हती, नुसती वाक्ये होती. तुम्ही खाणीत उतरून लोखंड काढू शकत होता, लोहार होऊन तलवारी घडवू शकत होता, किंवा तलवार विकत घेऊन गढीवर चालून जाऊ शकत होता. मुले एकमेकांना वस्तू विकत, आणि चलन होते मोहरा. खोलीच्या दाराशी जनरेटर धडधडत असे. वीज गेली की तो सुरू होईपर्यंत आठही पडदे काळे, आणि आठही तोंडांतून एकच दिल्लीकर शिवी.

मी त्या वर्षी गणित घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्गात होते, आणि गढीत मी लोहार होते. मारामारीत मला रस नव्हता, घडवण्यात होता. पण लवकरच लक्षात आले की मी बुडते आहे, आणि माझ्यासारखे जे जे लोखंड विकत घेऊन तलवारी करत, ते सगळेच बुडत आहेत. लोहार खेळ सोडून जाऊ लागले. एका रविवारी जेवताना मी हे बोलले. त्या दिवशी कढी-खिचडी होती, आणि पापड भाजल्याचा वास अजून खोलीत होता.

"दादा, तुझ्या खेळात लोहार होणं म्हणजे मूर्खपणा आहे. तीस मोहरांचा माल लागतो आणि तलवार बावीसला जाते."

"मग जास्त भावाने विक ना, यार!"

"कोण घेईल? शेजारचा मोंटी बावीसला देतो."

"काकू, ही तुमची लेक लोहारकामात नापास झालीय, आणि दोष आमच्या खेळाला," इक्बाल म्हणाला. रविवारी तो आमच्याकडेच जेवत असे. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण सुहास, तिचं बरोबर आहे. लोहार पळाले तर तलवारी नाहीत, तलवारी नाहीत तर लढाई नाही. चार महिन्यांत शटर खाली."

बाबा इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली. "एका तलवारीला कच्चा माल काय काय लागतो?"

तो प्रश्न विचारतानाचा त्यांचा आवाज कित्येक महिन्यांनी आम्ही ऐकत होतो. आईने कढी वाढता वाढता हात थांबवला. दादाने माझ्याकडे पाहिले आणि मग, मला वाटते, त्या एका क्षणी तरी निव्वळ प्रेमाने, तो म्हणाला, "सांगतो, बाबा. सगळं सांगतो."

बाबांनी जे गणित मांडले, ते मी इथे जसेच्या तसे देते. वाचकांनी ते सावकाश वाचावे. एका तलवारीला लोखंडाचे चार गोळे लागत, प्रत्येकी पाच मोहरा, म्हणजे वीस. कोळशाची दोन पोती, प्रत्येकी तीन, म्हणजे सहा. मुठीला कातड्याची एक पट्टी, चार मोहरा. एकूण माल तीस मोहरांचा. पण खेळात दर दहा प्रयत्नांत एक तलवार तडकत असे. म्हणजे दहा प्रयत्नांना तीनशे मोहरांचा माल आणि हाती नऊ तलवारी. तीनशे भागिले नऊ, म्हणजे तेहेतीस आणि एक तृतीयांश. आता वेळ. लोहाराचे दहा प्रयत्न तासाभरात होत. तोच तास त्याने खाणीत घालवला असता, तर बारा गोळे काढून साठ मोहरा मिळवल्या असत्या. हे साठ नऊ तलवारींवर वाटले, तर प्रत्येकीवर सहा आणि दोन तृतीयांश. दोन्ही आकडे मिळवले की होतात बरोबर चाळीस.

यंत्राची टिंग वाजली आणि बाबांनी मान वर केली. "चाळीस," ते म्हणाले. "अपूर्णांकसुद्धा उरला नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला मी दुसरा शब्द शोधत बसत नाही, तो आनंद होता. एका रास्त भावाने त्यांना पुन्हा ओळख दिली होती.

उपाय त्यांनीच सुचवला, आणि तोही खात्याच्या रीतीने. गढीत एक सरकारी कोठार उघडावे, आणि कोणी तलवार आणली की कोठाराने ती चाळीस मोहरांना घ्यावी. कोणी हरकत घेतली नाही. फक्त इक्बालने विचारले, "काका, पण कोठारात मोहरा येणार कुठून?"

"तो भाग आमच्याकडे दुसरं खातं बघायचं," बाबा म्हणाले.

"म्हणजे मी बघायचं," दादा म्हणाला. "मी एक आकडा वाढवतो, बस. मोहरा तयार."

पहिला आठवडा सणासारखा गेला. लोहार परत आले, नवे आले. खोलीत जागा मिळेना. दादा रोज रात्री जेवताना बातम्या देई आणि बाबा त्या भाजीसारख्या वाढून घेत. चार्टर्ड बसमध्येही त्यांनी ही गोष्ट सांगितली असावी, कारण सोसायटीतले एक काका फाटकाशी मला म्हणाले, "तुमच्या बाबांना कन्सल्टन्सी मिळाली म्हणे, अच्छा आहे!" बाबा कचेरीतून येताना आता रिकामा डबा हातात हलवत येत. हे मी बाल्कनीतून पाहत असे, आणि आजही ती बाल्कनी, तिच्यातला कूलरचा पत्र्याचा डबा आणि खाली हलणारा तो डबा मला एकत्रच आठवतात.

मग लोखंड महागले. ते साहजिक होते. कोठार चाळीस देत असताना ज्याला त्याला लोहार व्हायचे होते, खाणीत उतरायला कोणी तयार नव्हते, आणि जे थोडे गोळे बाजारात येत, त्यांच्यासाठी लोहार एकमेकांवर चढ्या बोली लावत. पाचाचा गोळा आठाला गेला. मी घरी सांगितले. बाबा विचलित झाले नाहीत. "कच्चा माल महागला की दर सुधारायचा. नियमच आहे." चार गोळ्यांचे बत्तीस, वर दहा, झाले बेचाळीस, तडकलेली धरून सेहेचाळीस आणि दोन तृतीयांश. खाणीतला तासही आता शहाण्णवांचा झालेला, त्याचे दहा आणि दोन तृतीयांश. एकूण सत्तावन्न आणि एक तृतीयांश. दादाने कोठाराचा भाव सत्तावन्न केला. लोखंड आणखी चढले. बाबांनी पुन्हा दर सुधारला. प्रत्येक वेळी त्यांचा आकडा अचूक होता. प्रत्येक वेळी बाजार त्या आकड्यापाशी पोचून एक पायरी पुढे जाऊन उभा राही, आणि बाबा दांडा फिरवून त्याच्या मागे जात.

त्या दिवसांत एका संध्याकाळी मी खोलीत गेले, तेव्हा आठही मुले लोहार होती. कोणी बोलत नव्हते. प्रत्येक जण एकच कळ दाबत होता: घडव, घडव, घडव. गढीवर चालून जाणारे कोणी उरले नव्हते. कोठारात तलवारींचा ढीग होता आणि त्या उचलणारा एकही हात नव्हता. मोंटी नावाचा तो मुलगा, जो पूर्वी पडद्याशी भांडत असे, जांभई देऊन मला म्हणाला, "दीदी, ये गेम है कि नौकरी?" त्याने तास संपण्याआधीच खुर्ची सरकवली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि त्याच्यामागोमाग एकेक जण येईनासा झाला. सप्टेंबरच्या उकाड्यात जनरेटर आता रिकाम्या खोलीसाठी धडधडत असे.

शेवटी दादाने कोठार बंद केले. त्याच संध्याकाळी तलवारीचा भाव दोन मोहरांवर आला. ज्यांनी महाग लोखंड घेऊन ठेवले होते, ते चिडून गेले, आणि जे आधीच कंटाळले होते, ते कायमचे गेले. जागेच्या मालकाने खोली सोडण्याविषयी विचारणा केली. त्या रात्री दादा उशिरा जेवायला बसला. बाबा त्याच्यासाठी थांबले होते. पुढ्यात कागद आणि यंत्र होते.

"कोठार बंद करायला नको होतं, सुहास," ते म्हणाले. "एक सुधारणा राहिली होती. मी काढून ठेवलीय."

दादा थकलेला होता. पोळीचा तुकडा मोडून तो म्हणाला, "बाबा, तुमचं खातं बंद केलं, ते काही उगाच नाही."

"सुहास!" आई म्हणाली.

दादाने तोंडातला घास गिळला नाही की टाकला नाही. बाबांनी थोडा वेळ त्या वाक्याकडे पाहिले. दुसऱ्या कारकुनाने करून आणलेली बेरीज ते जशी तपासत, तसेच. मग म्हणाले, "बरोबर आहे." त्यांनी आईकडे ताक मागितले, प्यायले, आणि कागद घडी करून यंत्राखाली सरकवून ठेवला. दादा त्यांच्या मागे खोलीपर्यंत गेला. "बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं," असे तो म्हणाल्याचे मी ऐकले. बाबांचा आवाज शांत होता: "आकडा चुकलेला नाही ना तुझा? मग माफी कशाची?"

पंधरा-वीस दिवसांनी खंडेनवमी आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: दसऱ्याच्या आदल्या दिवशी मराठी घरांत शस्त्रांची पूजा होते, आणि ज्याचे जे कामाचे साधन, तेच त्याचे शस्त्र. आमच्या पाटावर दरवर्षी आईची विळी आणि झारा, माझी कंपासपेटी, दादाचा पेचकस आणि मधोमध बाबांचे यंत्र असे. बाबा आदल्या दिवशी त्याला तेल देत, आणि पूजा झाली की हळदकुंकू लागलेला दांडा एकदा फिरवत. ती टिंग ही आमची आरती. त्या वर्षी स्वयंपाकघरात चक्का टांगलेला होता. फडक्यातून पातेल्यात पडणाऱ्या पाण्याची टपटप, आणि लांबून रामलीलेच्या कर्ण्याचा आवाज. आईने पाट मांडला. झेंडूच्या माळा घातल्या. मग मधल्या जागेकडे पाहून तिने हाक मारली, "अहो, यंत्र आणा ना."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. "पूजा शस्त्राची असते," ते म्हणाले. "ते नुसतं लोखंड आहे."

मधली जागा तशीच ठेवून आम्ही पूजा केली. दादाने आपला पेचकस त्या मोकळ्या जागेपासून जरा दूर सरकवला. इक्बाल दरवर्षीप्रमाणे श्रीखंडाला आला, पाटाकडे पाहिले, आणि नेहमीसारखी थट्टा न करता पानावर बसला.

दसऱ्याच्या सकाळी कबाडीवाला ओरडत आला. बाबांनी त्याला वर बोलावले आणि यंत्र दोन्ही हातांनी उचलून जिन्याच्या पायरीवर ठेवले. त्याने दांडा फिरवून पाहिला. खर्र आणि टिंग. तो हसला. "बाबूजी, चालू है?"

"हाँ."

"हमारे तो किसी काम का नहीं. लोहे के भाव जाएगा."

"ले जाओ."

आई पदराला हात पुसत धावत आली. "अहो, हे काय करताय? सणासुदीला?" बाबा बाजूला झाले, म्हणजे तराजूचा आकडा नीट अडकवता यावा. कबाडीवाल्याने वजन केले, यंत्र पोत्यात टाकले आणि बाबांच्या हातात काही नोटा ठेवल्या. मी दारात उभी होते. ज्या माणसाने भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, देवळाबाहेरच्या फुलवाल्याला प्रत्येक वस्तूचा भाव विचारला होता, मग तो कसा पडला हेही विचारले होते, त्याने लोखंडाचा भाव काय, हे विचारले नाही. नोटा मोजल्याही नाहीत. जिन्यावरून पोते खाली जाताना प्रत्येक पायरीला आतून टिंग वाजत गेली. बाबा आत येऊन मटार सोलायला बसले.

पुढचे थोडक्यात सांगते. संगणकांची खोली दिवाळीआधी सुटली. इक्बालने नोकरी धरली. दादा गुडगावला, मग परदेशात गेला. पहिल्या पगारात त्याने बाबांसाठी एक सुंदर कॅल्क्युलेटर आणला. बाबांनी "छान आहे" म्हणून तो खोक्यासकट कपाटात ठेवला. बाबा गेल्यावर तो मला तसाच, खोक्यात मिळाला. शेवटपर्यंत बाबा दुधाच्या बूथवर सुटे पैसे परत आले, तर ते न मोजता खिशात टाकत.

प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा मिळाले. आमच्या शाळेत दरवर्षी नव्या शिकवणाऱ्या मुली येत आणि जाण्यायेण्याचे भाडेही सुटणार नाही, इतक्या पगारावर राबत. एकीला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मॅम, मी पगारासाठी नाही, अनुभवाच्या दाखल्यासाठी शिकवते." आणि माझ्या हातातला खडू थांबला. गढीत प्रत्येक तलवारीमागे लोहाराचे कसब एकाने वाढत असे, आणि कसब शंभरावर गेले की त्याला खांडा, म्हणजे जड दुधारी तलवार, घडवता येई. खांडा सगळ्यांना हवा होता. मोंटी आणि इतर मुले तलवारी विकायला करतच नव्हती. ती स्वतःचे कसब घडवत होती, आणि तलवार हा त्यातून पडणारा भुसा होता. बावीस काय, जे मिळेल ते त्यांना चालत होते. म्हणून केवळ तलवारीवर जगू पाहणारा लोहार तोट्यात जात असे. साखरेची किंमत काढताना तिच्याबरोबर आपोआप निघणाऱ्या मळीचे काय करायचे, हे बाबांना झोपेतही सांगता आले असते. तलवार ही साखर नसून मळी आहे, एवढेच त्यांना कळायला हवे होते. पण ते कधी त्या खोलीत आले नाहीत, कळेला हात लावला नाही. खात्यातही ते कधी कारखान्यात जात नसत. प्रश्नावली जाई, उत्तरे येत. आम्ही विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे दिली. कसबाचा रकाना त्यांच्या प्रश्नावलीत नव्हता.

हे उत्तर मिळाले तेव्हा बाबा हयात होते. मी त्यांना जाऊन सगळे समजावून सांगितले, मळीचे उदाहरणही दिले. ते लक्ष देऊन ऐकत होते, किंवा तसे दिसत होते. शेवटी म्हणाले, "असेल." आणि थोड्या वेळाने, "आज पंप कोणी बंद केला नाही वाटतं." मी जाऊन पंप बंद केला. त्यांनी तीस वर्षे स्वतःचे कसब घडवले होते. ते शंभरावर केव्हाच गेले होते. पण त्या कसबाने जे घडवता आले असते, ते मागणारा बाजारच उठून गेला होता, आणि याला माझ्याकडे उदाहरण नव्हते.

मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी एकदा हे गणित वर्गाला घातले. चार गोळे पाचाने, दोन पोती तिनाने, एक पट्टी चाराची. दहांत एक तडकते. तासाचे मोल साठ. कुठे चूक सापडते का, हे मी प्रत्येक वहीत पाहत असे. चूक सापडली असती, तर निदान असे म्हणता आले असते की बाबा एकदा चुकले, आणि चुकणाऱ्या माणसाचे जग असे होऊ शकते. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, माझ्यावर विसंबू नये. कागद घ्यावा आणि उत्तर चाळीसच येते का, ते आपण स्वतः तपासून पाहावे.